इंदूरच्या खड्ड्यातून दिसलेली शेती

महाराष्ट्रातल्या कृषी पदविकेच्या विद्यार्थ्याला कंपोस्टच्या तीन पद्धती पाठ असतात: इंदूर, बंगळूर आणि नाडेप. खड्ड्याची मापं, थरांचा क्रम, किती दिवसांनी खालीवर करायचं, एवढं उत्तरपत्रिकेत उतरवलं की गुण मिळतात. खताच्या पद्धतीला आमच्या गावाचं नाव का पडलं, हे विचारलं तर मात्र बहुतेक जण थांबतात. खुद्द इंदुरातही, राजवाड्यापासून टिळकनगरापर्यंत, ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

मला त्या नावामागची गोष्ट खतापेक्षा मोठी वाटते. होळकरांच्या या शहरात १९१७ ते १९३५ या काळात काही माणसांनी शेत, गोठा, घर, गटार आणि नदी यांच्याकडे एकत्र पाहायला सुरुवात केली. एका ठिकाणी केलेल्या गोष्टीचा परिणाम दुसरीकडे, कधी कधी बऱ्याच काळानं कसा उगवतो, याचा माग काढला. आज ज्याला सिस्टिम्स थिंकिंग किंवा प्रणालीविचार म्हणतात, तो हाच. अमेरिकेत एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकात त्याला गणिती रूप दिलं. १९७२ साली डॉनेला मेडोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'द लिमिट्स टु ग्रोथ'मुळे तो जगभर चर्चेत आला. साठा, ओघ, फीडबॅक, विलंब हे त्याचे मूळ शब्द. मेडोज यांचं 'थिंकिंग इन सिस्टिम्स' त्यांच्या निधनानंतर, २००८ साली निघालं. मी ते पुन्हा पुन्हा वाचतो. पण हा विषय दुसऱ्याला सांगायची वेळ आली की फळ्यावरच्या चौकटी आणि बाण पुरत नाहीत. ऐकणारा मान डोलावतो आणि घरी जाऊन विसरतो. त्याच माणसाला कंपोस्टच्या ढिगापाशी नेलं, चौथ्या-पाचव्या दिवशी त्यात हात घालायला लावला आणि आतली ऊब हाताला लागली, की तो आपणहून विचारतो, "ही उष्णता आली कुठून?" तिथून पुढचं सगळं सांगता येतं.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा या विचारापर्यंतचा प्रवासही असाच शेतातून झाला. ते इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या शेतकरी कुटुंबात १८७३ साली जन्मले. केंब्रिजला शिकले आणि वेस्ट इंडीजमध्ये बुरशीतज्ज्ञ म्हणून नोकरीला लागले. उसावरच्या रोगांचा अभ्यास प्रयोगशाळेत करायचा आणि शेतकऱ्याला सल्ला द्यायचा, असं ते काम होतं. सल्ला देणाऱ्याकडे स्वतःचं शेत नाही, ही गोष्ट त्यांना तिथेच खटकली. १९०५ साली ते बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत 'इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट' म्हणून आले. तिथे त्यांनी पहिल्यांदा जमीन मागून घेतली, सुमारे ७५ एकर. पत्नी गॅब्रिएल याही केंब्रिजच्याच, वनस्पतिशास्त्रज्ञ. पुसाच्या गव्हाच्या सुधारित जाती या दोघांच्या कामातून आल्या, आणि त्या जातींनीच हॉवर्डना नाव मिळवून दिलं.

पण त्यांच्या मनात घर केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. पुसाच्या आसपासचे शेतकरी कुठलंही औषध फवारत नव्हते आणि तरी त्यांची पिकं किडीरोगातून बऱ्यापैकी सुटत होती. हॉवर्डनी त्या शेतकऱ्यांना आणि किडींनाही आपले गुरुजी मानलं. कीड आली म्हणजे तिला मारायचं, हा तज्ज्ञाचा पहिला विचार. हॉवर्ड विचारू लागले की ती या शेतात आली आणि शेजारच्या शेतात का नाही आली? मुळं कुठे गुदमरली आहेत? पाणी कुठे साचलं आहे? जमिनीत कुजलेला भाग किती उरला आहे? कीड ही त्यांच्या लेखी एक खबर होती. बिघाड दुसरीकडे होता. प्रणालीविचाराची पहिली पायरी नेमकी हीच आहे, लक्षणापाशी न थांबता मागे मागे जात राहण्याची.

पुसाला ही दृष्टी मानवणारी नव्हती. तिथे बीज पाहणारा वेगळा, माती पाहणारा वेगळा, कीटक पाहणारा वेगळा. प्रत्येकाचं खातं स्वतंत्र आणि पीक मात्र एकच! म्हणून हॉवर्डनी नव्या संस्थेचा ध्यास घेतला. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा पैसा, मध्य भारतातल्या संस्थानांची वर्गणी आणि होळकर दरबारानं दिलेली सुमारे ३०० एकर जमीन, यांतून १९२४ साली इंदुरात 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. पैसा कापसासाठी होता. एकट्या कापसाचा अभ्यास करून कापूस कळणार नाही, तो ज्या जमिनीत, ज्या बैलांच्या जिवावर आणि ज्या पिकांच्या फेरपालटीत उभा राहतो ते सगळं पाहावं लागेल, ही हॉवर्डची भूमिका होती. माळव्याच्या काळ्या जमिनीत हे चटकन पटतं. पावसाळ्यात ही जमीन फुगून घट्ट होते, पाणी धरून ठेवते, आणि कपाशीच्या मुळांना हवा मिळेनाशी होते. अशा वेळी बियाणं कितीही सुधारलं तरी झाड पिवळंच पडणार. आधी निचरा, मग सेंद्रिय भाग, आणि मग बियाणं असा तो क्रम.

सेंद्रिय भाग आणायचा कुठून, हा खरा पेच होता. शेण होतं, पण त्यातलं बरंचसं गोवऱ्या होऊन चुलीत जायचं. सरपण नाही म्हणून शेण जळतं, शेण जळतं म्हणून जमीन भुकेली राहते, जमीन भुकेली म्हणून वैरण कमी, वैरण कमी म्हणून जनावरं अशक्त आणि शेणही कमी. हा स्वतःला घट्ट करत जाणारा फेरा आहे. शेतकऱ्याला "शेण जाळू नका" असं सांगून तो तुटत नाही, कारण भाकरी तर भाजायचीच असते. हॉवर्डनी फेऱ्याची दुसरी बाजू धरली. उरलंय तेवढंच शेण विरजणासारखं वापरायचं आणि आजवर वाया जाणारा काडीकचरा त्यानं कुजवायचा. पऱ्हाटी, तुराट्या, उसाचं पाचट, तण, पालापाचोळा हे सगळं कच्चा माल ठरलं. चीनमधले शेतकरी शतकानुशतकं असंच काही करत आले होते. अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांच्या १९११ सालच्या 'फार्मर्स ऑफ फॉर्टी सेंच्युरीज' या पुस्तकातून ते हॉवर्डपर्यंत पोचलं होतं.

इंदूरचा खड्डा जवळून पाहण्यासारखा आहे. लांबी ३० फूट, रुंदी १४ फूट आणि खोली फक्त २ फूट. खोली इतकी कमी का, याचं उत्तर हवेत आहे. त्याहून खोल गेलं की तळाला हवा पोचत नाही. पऱ्हाटी आणि तुराट्या आधी संस्थेच्या रस्त्यांवर अंथरायच्या, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्या चिरडल्या जात. मग हा चुरा गोठ्यात बैलांच्या अंगाखाली पसरायचा. ४० बैलांच्या त्या गोठ्यातली जमीन मुद्दाम मातीची ठेवली होती. गोमूत्र तीत मुरायचं, आणि दर काही महिन्यांनी वरची सहा इंच माती खणून काढून तिची भुकटी करायची. इतर ठिकाणी मूत्र वाहून जायचं. इथे त्यातला नत्र मातीत अडकून खड्ड्यात पोचायचा. काडीकचरा, शेण, ही माती, चुलीतली थोडी राख आणि पाणी असे हलके थर द्यायचे. त्यावर पाय देऊन दाबायचं नाही.

मग जे सुरू होतं ते मला कुठल्याही आकृतीपेक्षा बोलकं वाटतं. सूक्ष्मजीव खायला लागतात, खाताना उष्णता निघते, उष्णतेनं त्यांचं काम आणखी जोरात चालतं. ढीग ६०-६५ अंशांवर जातो. तणाचं बी आणि माशांच्या अळ्या मरतात. पण याच वेगानं आतला प्राणवायू संपत येतो. काड्यांमधल्या पोकळीत एक तर पाणी राहील नाही तर हवा. पाणी जास्त झालं तर हवा गेली, आणि हवेवाचून जगणारे जीवाणू वरचढ झाले, दुर्गंध सुटला. पाणी कमी झालं तर सगळंच थांबलं. ढीग खालीवर केला की हवा परत येते, तापमान पुन्हा चढतं. हॉवर्डच्या पद्धतीत ही उलथापालथ ठरावीक अंतरानं तीनदा व्हायची आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार व्हायचं. वाढवणारा फीडबॅक, त्याला अडवणारी मर्यादा आणि माणसानं नेमक्या वेळी घातलेला हात, हे तिन्ही त्या दोन फुटांत दिसतात. मुलांना मी ढीग उलथायच्या आधी आणि दोन दिवसांनी तापमान मोजायला लावतो. तो आकडा त्यांनी स्वतः मिळवलेला असतो, म्हणून तो त्यांच्या लक्षात राहतो.

ही पद्धत अंदाजावर उभी नव्हती, याचं बरंचसं श्रेय यशवंत वाड यांना आहे. संस्थेच्या रसायन विभागाचे ते मुख्य सहायक. १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं काढलेल्या 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड आणि वाड ही दोन्ही नावं आहेत. पुढे जगानं हॉवर्डचं नाव लक्षात ठेवलं. वाडांचं नाव मराठी वाचकांनाही माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण ढिगात सुरुवातीला साधारण ३३ला १ असावं आणि तयार खतात ते १०ला १ च्या आसपास यावं, हे या मोजमापातून पक्कं झालं.

हे प्रमाण कळलं की शेतातलं एक जुनं कोडं सुटतं. हिरवळीचं खत किंवा काडीकचरा तसाच जमिनीत गाडला तर पुढचं पीक कधी जोमानं येतं आणि कधी पिवळं पडतं. का? काडीत कर्ब भरपूर आणि नत्र थोडा. ती कुजवणारे सूक्ष्मजीव कमी पडणारा नत्र जमिनीतूनच उचलतात, आणि तोही नेमका रोपाला हवा असतो तेव्हा. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सूक्ष्मजीव मरतात आणि नत्र परत सुटतो, पण तोवर पिकाची वेळ टळलेली असते. गाडलेलं वाया गेलेलं नसतं, फक्त त्याचा लाभ उशिरा येतो. ज्याला विलंब दिसत नाही तो म्हणतो, "सेंद्रिय खतात काही राम नाही," आणि पोतं आणतो. हॉवर्ड आणि वाड यांनी कुजण्याचं काम शेतातून उचलून खड्ड्यात नेलं, म्हणजे तो विलंब पिकाच्या वाट्याला येणार नाही.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण हॉवर्डच्या आधी सहा-सात वर्षं याच शहरात एक स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ येऊन गेला होता. पॅट्रिक गेडिस. तिसरे तुकोजीराव होळकर तेव्हा गादीवर होते आणि इंदूर प्लेगनं बेजार झालं होतं. शहरसुधारणेचा त्या काळचा सरकारी मार्ग म्हणजे दाट वस्ती पाडणं आणि रुंद रस्ते काढणं. गेडिस यांनी दाखवलं की पाडलेल्या घरांतली माणसं नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या गल्लीत दाटी करतात आणि रोग तिकडे वाढतो. म्हणून ते वस्तीत कमीत कमी मोडतोड करून हवा, उजेड आणि झाडं आणायचा आग्रह धरत. त्यांचा इंदूरचा दोन खंडांतला अहवाल १९१८चा. सगळं मैलापाणी नळांनी नदीत सोडण्याची जी खर्चिक युरोपीय रीत होती तिला त्यांनी विरोध केला आणि ते बागांकडे, मातीकडे वळवावं असं सुचवलं.

त्यांनी स्वतः सांगितलेली दिवाळीची हकिकत तर शहरानं जपून ठेवावी अशी आहे. दरबारानं त्यांना एका दिवसापुरता महाराज केलं. नेहमीच्या मिरवणुकीचा मार्ग ठरलेला असायचा. यंदा ज्या वस्त्या सर्वांत स्वच्छ होतील त्यांमधून मिरवणूक जाईल, अशी दवंडी पिटली. गल्ल्यागल्ल्यांत चुरस लागली आणि गाड्यागाड्यांनी कचरा निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती आणि घाणीचा राक्षस होता. त्यांच्यामागून नवे पांढरे कपडे घातलेले सफाई कामगार आले, झाडूंना हार घातलेले. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. दंडाचा एकही हुकूम न काढता माणसांच्या मनातल्या एका चुरशीला वळण दिलं आणि उंदरांचा आसरा काढून घेतला. कुठे हात घातला तर थोड्या बळानं पुष्कळ हलतं, हे ओळखणं प्रणालीविचारातलं सगळ्यात अवघड काम आहे. गेडिस यांना ते साधलं होतं.

गेडिस शहराकडून मातीकडे आले, हॉवर्ड मातीकडून शहराकडे. दोघांच्या मधला पूल वाडांनी बांधला. १९३४ साली त्यांनी एफ. के. जॅक्सन यांच्यासह शहरातला कचरा आणि मैला इंदूर पद्धतीनं कुजवण्यावर पुस्तिका काढली. तोवर हॉवर्ड इंग्लंडला परतले होते. १९३० साली गॅब्रिएल गेल्या आणि १९३१मध्ये हॉवर्डनी इंदूर सोडलं.

पुढची सोळा वर्षं त्यांनी ही गोष्ट वाटण्यात घालवली. चहा-कॉफीच्या मळेवाल्यांशी पत्रव्यवहार, व्याख्यानं, १९४० साली 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट'. केनियातल्या कॉफीच्या मळ्यांवर, आसामातल्या चहाबागांत, अगदी कोस्टारिकापर्यंत इंदूरचं नाव पोचलं. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी त्यातून प्रेरणा घेऊन १९४२ साली सेंद्रिय शेतीचं मासिक सुरू केलं. गांधीजी १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा त्यांनी संस्थेत जाऊन ही पद्धत पाहिली, आणि 'हरिजन'मधून तिची माहिती वाचकांना दिली.

हॉवर्डचं सगळंच मी स्वीकारत नाही. आपल्या बैलांनी लाळखुरकुत झालेल्या जनावरांच्या नाकाला नाक लावलं तरी त्यांना तो रोग झाला नाही, कारण त्यांचा चारा जिवंत मातीतला होता, असं ते लिहितात. हे निरीक्षण आहे, पुरावा नव्हे. तुलनेसाठी दुसरा कळप बाजूला ठेवलेला नव्हता. सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे असं म्हणणारा माणूस कुठलाही धागा कुठेही जोडू शकतो, आणि वाडांसारखा मोजणारा शेजारी असला तरच ती जोडणी टिकते.

शेतकऱ्यांमध्ये मात्र ही पद्धत अपेक्षेइतकी पसरली नाही. तीनदा ढीग खालीवर करायला माणसं हवीत, उन्हाळ्यात पाणी हवं. बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी काढलेल्या पद्धतीत उलथापालथ नव्हती. ती नगरपालिकांना सोयीची पडली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे गांधीवादी शेतकरी नारायण पांढरीपांडे यांनी तर अडचणीच्या मुळालाच हात घातला. विटांचं टाकं, साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, आणि भिंतींत जागोजाग भोकं. हवा भोकांतून येते, म्हणून खालीवर करायची गरजच उरत नाही. शेण अगदी थोडं लागतं. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ती नाडेप पद्धत झाली. हॉवर्डचं विज्ञान न सोडता मजुरीची मर्यादा काढून टाकणारं हे काम मला मूळ पद्धतीच्या तोडीचं वाटतं.

आज इंदूर स्वच्छतेसाठी ओळखलं जातं. २०१७पासून स्वच्छ सर्वेक्षणात ते सतत अग्रभागी आहे, घराघरांत कचरा सहा भागांत वेगळा होतो, आणि देवगुराडियाला १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या बायो-सीएनजी प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे. त्या वायूवर शहराच्या बस धावतात, उरलेल्या गाळाचं खत होतं. ही मोठीच गोष्ट आहे.

पण एप्रिलमध्ये शहराबाहेर पडा. सांवेर, देपालपूरकडे गव्हाची काढणी झाली की संध्याकाळी शेतांतून धूर उठतो. इकडे गव्हाच्या उभ्या धसकटांना नरवाई म्हणतात. ती जाळायला बंदी आहे, दंडही आहे. तरी ती जळते, कारण हार्वेस्टर वरची ओंबी घेऊन जातो आणि फूटभर काडी मागे ठेवतो, ती काढायला मजूर परवडत नाही, आणि जिच्यावर इंदूर पद्धत उभी होती ती बैलजोडी गावातून गेली आहे. बैल गेले म्हणजे काडी तुडवणारे खूर, शेण आणि गोठ्यातली माती, तिन्ही एकदम गेले. शेतात उरला तो नुसता कर्ब. गव्हाच्या काडीत कर्ब-नत्राचं प्रमाण साधारण ८०ला १ असतं. एकटी ती लवकर कुजत नाही. आणि पाऊण तासाच्या अंतरावर, शहरात, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्र इतका असतो की त्याचा ढीग एकटा ठेवला तर वास मारतो. एका जागी कर्ब जाळला जातो, दुसऱ्या जागी नत्राची विल्हेवाट लावावी लागते.

शेतकऱ्यांच्या बैठकीत मी हल्ली एवढंच चित्र काढतो: एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला शेत, आणि मधले दोन बाण. भाजी-धान्याचा बाण शहराकडे जाताना जाड काढतो, परतीचा बारीक. मग त्यांनाच विचारतो की तो जाड व्हायला काय काय आड येतं. उत्तरं लगेच येतात. गाडीभाडं कोण देणार? शहराच्या खतात काच आणि प्लॅस्टिकचे तुकडे निघाले तर? अनुदानाच्या युरियाच्या पोत्यापुढे या टनभर खताला कोण विचारतो? पेरणीच्या आधी पंधरा दिवस ते मिळेल का? मागच्या वेळी देपालपूरकडच्या एका वयस्क शेतकऱ्यानं आणखी एक सवाल टाकला. शहरातून वायूच्या बसगाड्या निघतात, तर काडीच्या गाठी बांधून तिकडे नेणारी गाडी परत येताना खत घेऊन का येऊ नये, रिकामी का यावी? भाड्याचा हिशेब त्यानं तिथेच, खडूनं, पंचायतीच्या ओट्यावर मांडायला घेतला.